दाराशेजारची चौकट
कार्यालयांतल्या पाट्या निवडणाऱ्या आणि बसवणाऱ्या मंडळींसाठी लिहिलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तहसील कचेरीत, नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेच्या इमारतीत पाऊल टाकले की दारांवर, काचांवर, कपाटांच्या कडांवर चिकटवलेले ए-४ कागद दिसू लागतात. ‘उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जावे’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘हे टेबल वरच्या मजल्यावर हलवले आहे’. चारी कोपऱ्यांना सेलोटेप, टेप पिवळा पडलेला, खाली आधीच्या कागदाच्या चिंध्या. हा कागद लावणाऱ्या कारकुनाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. लोकांना काय हवे ते त्याला रोज शंभर वेळा विचारले जाते, आणि हाताशी असलेल्या साधनांनी त्याने त्याचे उत्तर भिंतीवर लिहिलेले असते. पाट्यांवर त्या इमारतीत खर्च झालेला असतोच. पितळी अक्षरे असतात, ग्रॅनाइटवर कोरलेली उद्‌घाटनाची पाटी असते, दारादारावर ॲक्रिलिकच्या पट्ट्या असतात. पण या सगळ्यांत बदलत्या मजकुराला कुठेच जागा ठेवलेली नसते. म्हणून तो मजकूर कागद आणि टेप घेऊन बाहेर येतो.

या पुस्तिकेचे म्हणणे एवढेच आहे. पाटी कोणत्या धातूची, कोणत्या रंगाची, किती रुपये चौरस फूट, हे सारे नंतर ठरवावे. आधी इमारतभर फिरून एक वही भरावी : कोणता मजकूर कायमचा, कोणता काही वर्षांनी बदलणारा, कोणता महिन्याला आणि कोणता रोज बदलणारा, आणि बदलायची वेळ आली की ते काम कोण करणार. ही वही भरली की चौकटीची निवड जवळजवळ आपोआप होते. वही न भरता केलेली निवड कितीही महागडी असली तरी वर्षभरात तिच्यावर कागद चिकटतो.

खोलीचा क्रमांक बदलत नाही. जिन्याचे, स्वच्छतागृहाचे, पिण्याच्या पाण्याचे ठिकाण सहसा बदलत नाही. शाखेचे नाव कधीतरी बदलते. अधिकाऱ्याचे नाव मात्र बदलणारच. शासकीय बदल्यांसंबंधीचा २००५ सालचा अधिनियम सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरतो, आणि प्रत्यक्षात अनेक खुर्च्या त्याआधीच रिकाम्या होतात. ज्या दारावर पदनाम आणि व्यक्तीचे नाव एकाच ॲक्रिलिकवर एकत्र कोरलेले आहे, त्या दारावर दर बदलीनंतर दोन गोष्टींपैकी एक घडते : एक तर अख्खी पाटी नवी करावी लागते, नाहीतर जुने साहेब पुढचे सहा महिने दारावर राहतात. दुसरी गोष्ट अधिक वेळा घडते. अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा म्हणून दाराकडे पाहणाऱ्या माणसाच्या हातून चुकीचे नाव लिहिले जाते.

कायमची वाटणारी नावेही बदलतात, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. पुढच्याच वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जिल्हाधिकारी कार्यालयापासून तालुक्याच्या शाखेपर्यंत ज्या ज्या पाटीवर जिल्ह्याचे नाव होते ती ती पाटी हातात घ्यावी लागली. जिथे नावाची पट्टी स्वतंत्र होती तिथे एक पट्टी बदलून भागले. जिथे सगळा मजकूर एकाच पत्र्यावर रंगवलेला होता तिथे ‘जिल्हा’ या शब्दापुढे चिकटपट्टी आली.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरवला. त्याच सुमारास मंत्रालयात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आणि दोन्ही उपमुख्यमंत्र्यांच्या दालनांबाहेरच्या पाट्या बदलल्या : एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे, देवेंद्र सरिता गंगाधर फडणवीस, अजित आशाताई अनंतराव पवार. या निर्णयाचे मोल मोठे आहे, त्याविषयी इथे बोलण्याचे कारण नाही. पण पाटी करणाऱ्याने त्यातून एक हिशेब लक्षात घ्यावा. दोन शब्दांचे नाव चार शब्दांचे झाले. पूर्वी एका ओळीत बसणाऱ्या नावाला आता दोन ओळी लागतात, किंवा अक्षर लहान करावे लागते. येत्या वीस-पंचवीस वर्षांत नोकरीत येणारी पिढी चार शब्दांची नावे घेऊन येणार आहे. आज नावाच्या पट्टीची चौकट घेताना तिची लांबी ‘र. वि. जोशी’ या नावावर ठरवू नये.

लांबीपेक्षाही आपल्याकडे दुर्लक्ष होते ते उंचीकडे, आणि याविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार चौकटींची मापे बहुतेक वेळा रोमन मोठ्या अक्षरांचा विचार करून ठरलेली असतात. रोमन मोठी अक्षरे एकाच उंचीची असतात, त्यांच्या वरखाली काही जात नाही. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार चढतात आणि पायाखाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे शेपूट उतरते. ‘दुय्यम निबंधक’, ‘भूमी अभिलेख’, ‘पुरवठा निरीक्षक’, ‘वैद्यकीय प्रतिपूर्ती’ ही आपल्या कचेऱ्यांतली रोजची नावे. यांतल्या ‘प्रतिपूर्ती’ या एका शब्दात वर वेलांट्या आणि रफार, तर खाली दीर्घ उकार आहे. शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर तीस मिलिमीटर ठेवायचे असेल, तर त्या एका ओळीला प्रत्यक्षात साठ मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा द्यावी लागते. दुसरी ओळ असली तर पहिलीचा उकार दुसरीच्या मात्रेवर आपटणार नाही एवढे अंतर त्यात आणखी धरावे लागते.

हे अंतर नसले की काम करणारा माणूस तीनपैकी एक वाट धरतो. चौकटीची कड वेलांटी कापते. किंवा अक्षर इतके लहान होते की दारासमोर उभे राहूनही वाकून पाहावे लागते. किंवा, आणि हे सर्वांत वाईट, संगणकावर अक्षर आडवे ताणून बुटके केले जाते. ताणलेल्या देवनागरीत उभ्या रेषा जाड आणि आडव्या बारीक होतात, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक दुरून कळेनासा होतो. अक्षर ताणलेली पाटी परत पाठवावी. तो हट्ट मानू नये; पाटी वाचता येणे ही तिची पहिली अट आहे.

अंतराचा एक जुना ठोकताळा या धंद्यात चालतो : दर दहा फुटांना एक इंच अक्षर. तो रोमन मोठ्या अक्षरांसाठी रूढ झालेला आहे. मराठीसाठी तोच वापरायचा तर उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतची मोजावी, वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंतची नव्हे. दारासमोर सहा-सात फुटांवरून वाचायच्या पाटीला वीस मिलिमीटर अक्षर पुरते. तीस फुटी व्हरांड्याच्या टोकावरून दिसायला हवी त्या पाटीला पंच्याहत्तर मिलिमीटर तरी हवे, आणि जोडाक्षरे दाट असतील तर त्याहून थोडे अधिक.

टंकाच्या निवडीत आता सबब उरलेली नाही. नाटकांच्या जाहिरातींपासून मासिकांच्या शीर्षकांपर्यंत मराठी अक्षराला घाट देणारे कमल शेडगे यांचे काम आपण पाहत मोठे झालो, र. कृ. जोशी यांनी संगणकाच्या पडद्यासाठी देवनागरी घडवली आणि विंडोजवरचा ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच हातचा. पडद्यासाठी घडवलेले अक्षर भिंतीवर मोठे करून लावताना मात्र विचार करावा. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’ हा टंक विनामूल्य मिळतो, अनेक जाडींमध्ये मिळतो आणि पाटीवर स्वच्छ वाचता येतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवलेला आहे. निवडलेल्या टंकात तो येतो का, हे पाटी छापायच्या आधी पाहावे. छापून झाल्यावर पाहून उपयोग नसतो.

आता कायद्याने लावाव्याच लागणाऱ्या पाट्या. यांची संख्या वाढत गेली आहे आणि ते योग्यच झाले आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले चौथे कलम माहिती अधिकाऱ्यांची नावे, पदनामे आणि तपशील प्रसिद्ध करायला सांगते; प्रसाराच्या मार्गांत सूचना फलकाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे कार्यालयाने आपल्या सेवांची यादी, प्रत्येक सेवेची कालमर्यादा, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी हे सारे फलकावर लावायचे असते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे दंडात्मक परिणाम सहज दिसतील अशा जागी लावायला सांगते. खासगी कार्यालयांनाही त्यातून सूट नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक शासकीय कार्यालयांत दिसतो. धूम्रपानबंदीची पाटी साठ बाय तीस सेंटिमीटरची, पांढऱ्या पार्श्वभूमीची असावी, असे २००८ च्या नियमांत लिहिलेले आहे, आणि ती प्रवेशाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्याशी आणि लिफ्टशी हवी. ए-३ कागद बेचाळीस बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे ही पाटी कचेरीतल्या कोणत्याही कागदाच्या मापात बसत नाही. तिच्यासाठी चौकट मुद्दाम त्या मापाचीच घ्यावी लागते.

या पाट्या ज्या दिवशी आदेश आला त्या दिवशी, जिथे जागा दिसली तिथे लागत जातात. काही वर्षांनी प्रवेशद्वाराजवळची भिंत भरून जाते आणि कोणतीच पाटी वाचली जात नाही. त्यावर माझ्या अनुभवाचा एक उपाय आहे. प्रवेशाजवळ, रांग जिथे उभी राहते त्या भिंतीवर, एका ओळीत ए-४ आणि ए-३ मापाच्या उघडझाप करता येणाऱ्या चौकटी लावाव्यात, आणि त्यांतल्या दोन मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात. नवा आदेश आला की त्याला घर तयार असते. रिकामी चौकट पाहून काही अधिकारी अस्वस्थ होतात, तिच्यात काहीतरी सुविचार भरायला सांगतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

चौकटींचे प्रकार पुढच्या प्रकरणांत चित्रांसह दिले आहेत, इथे थोडक्यात. चारी कडा उचलून कागद घालायची ॲल्युमिनियमची स्नॅप फ्रेम सूचनांसाठी उत्तम. कागद कचेरीच्याच प्रिंटरवर छापता येतो, वरून पारदर्शक पत्रा असतो. हा पत्रा खिडकीसमोर येणार असेल तर चकचकीत न घेता मॅट घ्यावा, नाहीतर दुपारी त्यात फक्त खिडकी दिसते. नावाच्या पट्ट्यांसाठी कडेने सरकवायची चौकट बरी. काही चौकटी उघडायला रबरी सक्शन कप लागतो. त्या दिसायला देखण्या असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कागद काढता येत नाही, पण तो कप ज्याच्या खणात आहे त्याची बदली झाली की चौकट बंद ती बंदच. असे दोन कप घ्यावेत आणि एक आवक-जावक शाखेत नोंद करून ठेवावा. ॲक्रिलिकचे दोन पत्रे भिंतीपासून थोडे पुढे धरणारे स्टीलचे स्टँडऑफ स्वागतकक्षात शोभतात. रोज बदलणाऱ्या मजकुराला ते निरुपयोगी, कारण दर वेळी चार बटणे खोलावी लागतात आणि तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांतले एक हरवते. सनबोर्ड स्वस्त आहे, तात्पुरत्या शिबिरापुरता वापरावा. उन्हात आणि ओलीत तो वाकतो.

हवामानाचा विचार केल्यावाचून साहित्य ठरवू नये, कारण चंद्रपूरची भिंत आणि रत्नागिरीची भिंत सारखी नाही. ॲक्रिलिक तापले की पसरते : दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर. हिवाळ्यातल्या पहाटेचे पंधरा अंश आणि मे महिन्यातले पंचेचाळीस यांत तीस अंशांचे अंतर, म्हणजे एक मीटर लांबीची पट्टी दोन मिलिमीटरहून अधिक वाढते. स्क्रूच्या मापाचे तंतोतंत भोक पाडून घट्ट आवळलेली पट्टी त्यामुळे भोकापाशी तडकते. भोक थोडे मोठे ठेवावे, खाली वॉशर घालावा आणि शेवटचा पीळ देऊ नये. कोकणात शत्रू वेगळा. खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साधा लोखंडी स्क्रू लावला तर पहिल्या पावसाळ्यातच भिंतीवर तांबड्या रेघा उतरतात. तिथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरावेत, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. आणि चौकट भिंतीला सपाट न टेकवता मागे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी म्हणजे ओल अडकून बुरशी धरत नाही. प्लायवुडवर केलेली पाटी कोकणात व्हरांड्यात लावूच नये.

बसवण्याच्या कामाला आपल्याकडे कमी लेखले जाते. पाटी करणारा एक, बसवायला येणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याला ‘कुठे लावू?’ असे विचारायला कचेरीत कुणी भेटत नाही. मग तो जिथे सोपे तिथे, म्हणजे दाराच्या फळीवर लावतो. आपल्या कचेऱ्यांतली दारे दिवसभर उघडी असतात. आत उघडणारे दार भिंतीला टेकले की त्यावरची पाटी खोलीच्या आत जाते आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला रिकामी चौकट दिसते. मी पाहिलेल्या इमारतींमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे, आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही. पाटी दाराशेजारच्या भिंतीवर लावावी, बिजागरीच्या बाजूला न लावता कडी-कुलपाच्या बाजूला लावावी.

या नियमाला आणखी एक बळकट कारण आहे. दृष्टिहीन माणूस बोटांनी पाटी वाचतो, म्हणजे तो तिच्याजवळ उभा राहतो. पाटी दारावर असेल आणि दार अचानक उघडले तर ते त्याच्या अंगावर येते. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांत म्हणूनच उठावाच्या अक्षरांची पाटी कडीच्या बाजूच्या भिंतीवर आणि अक्षरांचा पाया जमिनीपासून ४८ ते ६० इंचांच्या मध्ये ठेवायला सांगितली आहे. जागा ठरलेली असली की हात कुठे न्यायचा हे माणसाला ठाऊक असते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे आणि केंद्राने २०२१ मध्ये सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. भारती ब्रेल तर १९५१ पासून आपल्याकडे आहे, आणि मराठी तिच्यात लिहिता येते. तरी ब्रेल असलेली पाटी लिफ्टच्या बटणांपलीकडे फारशी पोचली नाही. इथे पहिल्या वहीचा उपयोग होतो. सगळी पाटी ब्रेलमध्ये करायची म्हणून खर्चाला घाबरण्याची गरज नाही. जे बदलत नाही ते, म्हणजे खोलीचा क्रमांक, स्वच्छतागृह, जिना, मजला, उठावात आणि ब्रेलमध्ये करावे आणि चौकटीच्या कायम भागावर बसवावे. नाव आणि वेळा खाली कागदावर राहू द्याव्यात. दोन्ही एकाच उंचीवर, प्रत्येक दाराशी त्याच बाजूला. डोळस माणसालाही ही शिस्त तितकीच उपयोगी पडते.

उंचीविषयी आणखी थोडे. उभ्या माणसाची नजर साधारण पाच फुटांवर, चाकाच्या खुर्चीत बसलेल्याची पावणेचार ते चार फुटांवर. दाराजवळच्या पाटीचा मध्य साडेचार ते पाच फुटांत ठेवला तर दोघांनाही वाचता येते. व्हरांड्यात आडव्या निघणाऱ्या किंवा छतावरून टांगलेल्या पाटीची खालची कड सात फुटांच्या वर हवी. आणि सूचना फलक खुर्च्यांच्या रांगेमागे लावू नये. तिथे बसलेल्यांच्या डोक्यांवरून वाकून कुणी वाचत नाही, विशेषतः बायका वाचत नाहीत.

भोक पाडण्यापूर्वी चौकटीच्या मापाचा पुठ्ठा कापून भिंतीवर लावावा आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. येणारा माणूस कुठून येतो, कुठे थबकतो, पंखा, ट्यूबलाइट किंवा दाराची झडप पाटीला झाकते का, हे त्या एका दिवसात कळते. मग पाणसळ लावून रेघ मारावी. फरशीवरून किंवा दाराच्या चौकटीवरून माप घेऊन सरळ आहे असे मानू नये. जुन्या इमारतींत दोन्ही तिरकी असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल चालवू नये, तारा तिथूनच गेलेल्या असतात.

भिंत कशाची आहे हे ठोकून पाहावे. विटांच्या भिंतीला सहा मिलिमीटरचा बिट, तेवढीच गिट्टी आणि दीड इंची स्क्रू बहुतेक चौकटींना पुरतो. गिट्टी प्लास्टरमध्येच अडकून राहिली तर पाटी वर्षभरात प्लास्टरसकट बाहेर येते, म्हणून भोक प्लास्टर ओलांडून विटेत गेले पाहिजे. नव्या इमारतींत सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावे आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी घ्यावी. जिप्समच्या पार्टिशनला साधी गिट्टी धरतच नाही, मागे पंख उघडणारा अँकर लागतो. कोकणातला जांभा भुसभुशीत असतो आणि त्यात पोकळ्याही असतात. तिथे एक भोक फसले तर त्यालाच मोठे करत न बसता चौकटीमागे पट्टी लावून भार दोन-तीन ठिकाणी वाटावा. दगडी, वारसा दर्जाच्या इमारतीत तर दगडाला हातच लावू नये. भोक दोन दगडांमधल्या सांध्यात पाडावे. सांध्यातला चुना पुन्हा भरता येतो, दगड भरता येत नाही. त्यासाठी लागणारी परवानगी आधी घ्यावी हे वेगळे सांगायला नको. आणि टफन केलेल्या काचेला भोक पाडायला कुणी निघाले तर त्याला तिथेच थांबवावे. अशी काच भोक पाडताना अख्खी फुटते. भोके भट्टीत जाण्यापूर्वीच पाडायची असतात. बसवलेल्या काचेवर व्हिनाइल किंवा दुहेरी चिकट टेप, एवढेच.

टेपविषयी मात्र भाबडेपणा नको. चांगला फोम टेप काचेवर आणि टाइलवर वर्षानुवर्षे धरतो. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर तो रंगाला चिकटतो, भिंतीला नाही, आणि रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. जागा स्पिरिटने पुसावी, पूर्ण सुकू द्यावी, दाबून बसवावी आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात हे लक्षात ठेवून त्या दिवसांत तिच्यावर भार टाकू नये.

आपत्कालीन मार्गाच्या पाट्यांना या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्या इतर पाट्यांसारख्या रंगसंगतीत बसवण्याच्या नसतात. हिरव्या पार्श्वभूमीवर दाराकडे धावणारा पांढरा माणूस हे चिन्ह जपानी आरेखक युकिओ ओटा यांच्या कामातून आले आणि आंतरराष्ट्रीय मानकात रुजले. ज्याला इमारतीची भाषा वाचता येत नाही त्यालाही ते कळते, म्हणून ते बदलायचे नाही. हिरवा सुटकेचा, लाल मनाईचा, निळा सक्तीचा, पिवळा धोक्याचा. स्वागतकक्षाच्या भिंती तपकिरी आहेत म्हणून सुटकेची पाटी सोनेरी करून मागणाऱ्या ग्राहकाला मी काम नाकारले आहे आणि पुढेही नाकारीन. धूर झाला की माणूस शोभा पाहत नाही. ही पाटी स्वतः उजळणारी किंवा अंधारात चमकणारी असावी आणि तिच्या वाटेत दुसरी कोणतीही चौकट येऊ नये.

खासगी दुकाने आणि छोट्या कार्यालयांच्या दर्शनी पाटीविषयी २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियम स्पष्ट आहे. दुकाने व आस्थापनांच्या अधिनियमातल्या ३६-क कलमानुसार नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत हवा, मराठी मजकूर आधी हवा आणि त्याचे अक्षर इतर भाषेच्या अक्षराहून लहान नको. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही तो तेव्हापासून लागू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत तो पाळायला सांगितले. त्या दोन महिन्यांत घाईने केलेल्या अनेक पाट्या आजही दिसतात : मूळ रोमन नावाच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने कोंबलेली, मात्रा कापलेली मराठी. कायदा पाळला गेला, अक्षराची दैना झाली. मराठी पहिल्या दिवसापासून आराखड्यात असेल तर तिच्या वरखालच्या जागेसह चौकट ठरते आणि रोमन अक्षर तिच्या शेजारी सुखाने बसते. उलट क्रमाने केलेल्या पाटीत ते कधीच जमत नाही.

शेवटचा भाग दरपत्रकाविषयी आहे आणि तो लेखा शाखेने जरूर वाचावा. चौरस फुटाचा दर मागवला की पुरवठादार मोठी आणि पातळ पाटी देतो, कारण हिशेब तसाच बसतो. दर नगावर मागवावा, आणि त्यात चौकट, पहिला छापील मजकूर, भिंतीच्या प्रकाराप्रमाणे गिट्ट्या-स्क्रू, बसवणी आणि वर्षभरात एकदा मजकूर बदलून देणे एवढे एकत्र धरावे. नमुन्याची एक चौकट आधी मागवून तिच्यात त्या कार्यालयातले सर्वांत लांब पदनाम आणि सर्वांत लांब नाव बसवून पाहावे. छपाईची मोजमापांसह मूळ फाइल कार्यालयाच्या ताब्यात घ्यावी. ती पुरवठादाराकडेच राहिली तर एका नावासाठी पुन्हा त्याच्याच दारात जावे लागते. बिल मंजूर करण्याआधी इमारतीत कधीही न आलेल्या माणसाला फाटकाशी उभे करून ‘भूमी अभिलेख कुठे आहे ते कुणालाही न विचारता शोधा’ असे सांगावे आणि त्याच्या मागे मागे चालावे. तो जिथे थांबून इकडेतिकडे पाहील तिथे एक पाटी कमी आहे किंवा चुकीच्या जागी आहे. ती दुरुस्त करणे, जुन्या पाट्या उतरवणे, त्यांची भोके बुजवून त्यावर रंगाचा हात देणे, हे सारे त्याच कामाच्या आदेशात आधीच लिहून ठेवावे.